रानवाटेवरील धावणे आणि संगीत

रानवाटेवरील धावणे, म्हणजेच ट्रेल रनिंग, हा डांबरी रस्ता किंवा मैदानातील धावपट्टी सोडून डोंगर, जंगल, पठार अथवा वाळवंट यांतील नैसर्गिक वाटांवर धावण्याचा क्रीडाप्रकार आहे. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने त्याला ॲथलेटिक्सचा एक प्रकार म्हणून मान्यता दिली. व्यायाम करताना इअरफोनवर संगीत ऐकण्याची सवय सर्वत्र रूढ झाल्यामुळे अशा वाटांवरील सुरक्षिततेचा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे. रानवाटेवरील अनेक धोके दिसण्यापूर्वी ऐकू येतात. त्यामुळे तेथे कान हे संरक्षणाचे एक प्रमुख साधन असते.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात डोंगरी धावण्याला लोकप्रियता मिळवून देण्यात सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा मोठा वाटा आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली ही शर्यत साताऱ्यातून यवतेश्वरच्या घाटाने चढून कासच्या रस्त्याने जाते व परत येते. २०१५ मध्ये डोंगरी शर्यतीतील सहभागींच्या संख्येसाठी तिची गिनेस विक्रमात नोंद झाली. ही शर्यत पक्क्या रस्त्यावरील आहे. रानवाटेवर मात्र बंद केलेली रहदारी, दर थोड्या अंतरावरील स्वयंसेवक आणि आखलेला मार्ग यांपैकी काहीही गृहीत धरता येत नाही.

संगीताचा परिणाम

मध्यम श्रमाच्या व्यायामात संगीतामुळे श्रम कमी जाणवतात आणि व्यायाम अधिक आनंददायी वाटतो, असे क्रीडा मानसशास्त्रातील अभ्यासांत आढळले आहे. श्रम वाढून धाप लागू लागली, की शरीराकडून येणाऱ्या संवेदना प्रबळ होतात व संगीताचा हा प्रभाव ओसरतो. सपाट रस्त्यावर पावलांची लय गाण्याच्या ठेक्याशी जुळवता येते. दगड, मुळे, चिखल आणि चढउतार असलेल्या वाटेवर प्रत्येक पाऊल जमीन पाहून टाकावे लागते. तेथे ठेक्यामागे जाणारे पाऊल चुकण्याची शक्यता असते. शिवाय थकवा कमी जाणवणे याचा अर्थ थकवा कमी असणे असा होत नाही.

कानांचे कार्य

आवाज एका कानापर्यंत दुसऱ्यापेक्षा किंचित आधी व किंचित मोठा पोहोचतो. वेळेतील हा फरक एक मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो, तरी त्यावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो. डोळ्यांना पाठीमागचे दिसत नाही. कानांना मात्र सर्व दिशांचे ऐकू येते. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. त्याचा आवाज १०० मीटरवरून ऐकू आला, तर बाजूला होण्यास सुमारे ९ सेकंद मिळतात. संगीतामुळे तोच आवाज २० मीटरवर आल्यावर ऐकू आला, तर २ सेकंदही उरत नाहीत.

अमेरिकेत २००४ ते २०११ या काळात हेडफोन लावलेल्या पादचाऱ्यांना रेल्वे व इतर वाहनांची धडक बसल्याच्या ११६ घटनांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ७० टक्के घटनांत पादचाऱ्याचा मृत्यू झाला होता आणि निम्म्याहून अधिक घटना रेल्वेच्या होत्या. सुमारे ३० टक्के घटनांत धडकेपूर्वी भोंगा किंवा हॉर्न वाजवल्याची नोंद होती.

कोयना खोऱ्यातील परिस्थिती

पाटण तालुक्यातील कोयनानगर हे कोयना धरणालगतचे गाव आहे. सभोवतालच्या जंगलाचा मोठा भाग १९८५ मध्ये घोषित झालेल्या कोयना अभयारण्यात मोडतो. हे अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी आवश्यक असते.

या परिसरात बिबट्या, गवा, अस्वल, सांबर व भेकर आढळतात. बिबट्याची चाहूल लागताच वानरे, सांबर आणि भेकर इशाऱ्याचे आवाज काढतात. हे आवाज ओळखणारा माणूस वेळीच थांबतो. गवा बिथरला, तर तो जोराने फुरफुरतो. अस्वलाशी अचानक जवळून गाठ पडणे विशेष धोकादायक असते, कारण दचकलेले अस्वल हल्ला करते. डिवचली गेलेली घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते, तर फुरसे अंगावरील खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करते. सगळे साप असा इशारा देत नाहीत. रात्री फिरणारी मण्यार जवळजवळ निःशब्द असते, म्हणून अंधारात कानांच्या जोडीला विजेरीही लागते.

कोयनेच्या पाणलोट क्षेत्रात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वरच्या अंगाला पाऊस झाला, की ओढ्याचे पाणी अल्पावधीत चढते आणि त्याचा घोंगावणारा आवाज पाण्याआधी पोहोचतो. डोंगरउतारावरून सुटलेल्या दगडांचा खडखडाटही असाच आधी कानी येतो. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली होती. त्यामुळे अतिवृष्टीच्या काळात या वाटांवर न जाणे हाच खरा उपाय ठरतो. धरणातून नदीपात्रात पाणी सोडण्यापूर्वी काठच्या लोकांना भोंगा वाजवून सावध केले जाते. कान झाकून नदीकाठाने धावणाऱ्यापर्यंत हा इशारा पोहोचेलच असे नाही. कुंभार्ली घाटाच्या रस्त्यावर वळणाआड असलेल्या वाहनाची सूचनाही केवळ हॉर्नवरून मिळते.

वाळवंटातील धावणे

वाळवंटात जंगलासारखे आवाज नसतात, पण शरीराकडून येणारे इशारे तेथे निर्णायक ठरतात. कोरड्या हवेत घाम झपाट्याने वाळतो. त्यामुळे शरीरातील पाणी किती कमी झाले आहे, हे धावणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही. संगीताने थकव्याची जाणीव बोथट झाली, तर उष्माघाताची पूर्वलक्षणेही दुर्लक्षित राहू शकतात. मोरोक्कोच्या सहारा वाळवंटात १९८६ पासून होणाऱ्या माराथॉन दे साब्ल या सुमारे २५० किलोमीटरच्या शर्यतीत १९९४ साली माउरो प्रोस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात वाट चुकला आणि अनेक दिवसांनी अल्जीरियात जिवंत सापडला. कोरड्या प्रदेशात थंडीही जीवघेणी ठरते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतातील १०० किलोमीटरच्या शर्यतीत अचानक आलेला गारठा, वारा व पाऊस यांमुळे २१ धावपटूंचा मृत्यू झाला.

श्रवणसाधनांचे प्रकार

कानात घट्ट बसणारे इअरफोन बाहेरचा आवाज अडवतात. आवाज-निवारक साधने वाहनाच्या इंजिनासारखे खालच्या पट्टीतील सलग आवाज विशेष प्रभावीपणे नाहीसे करतात, त्यामुळे ती रस्त्यावर व रानात सर्वांत धोकादायक ठरतात. हाडांवाटे ध्वनी पोहोचवणाऱ्या साधनांमुळे कानाची वाट मोकळी राहते. लक्ष विभागले जाण्याचा प्रश्न मात्र त्यांनी सुटत नाही.

श्रवणशक्तीचे रक्षण हाही याच विषयाचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. आवाज ३ डेसिबलने वाढला, की सुरक्षित अवधी निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास व ८६ डेसिबलला १० तास. वारा किंवा वाहने यांच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवल्यास ही मर्यादा लवकर ओलांडली जाते.

घ्यावयाची दक्षता

संगीत ऐकण्यासाठी मैदानाची धावपट्टी, व्यायामशाळा किंवा रहदारी नसलेला परिचित रस्ता योग्य असतो. घाटरस्ता, नदीकाठ, ओढ्याची ओलांडणी, दाट झाडी आणि पहाट व सायंकाळची अंधूक वेळ या ठिकाणी व वेळी संगीत पूर्णपणे बंद ठेवावे. इतरत्र ऐकायचेच असल्यास एकाच कानात इअरफोन लावावा आणि शेजारच्या माणसाचे साधे बोलणे ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा. मात्र एका कानाने आवाजाची दिशा नीट कळत नाही, हे लक्षात ठेवावे.

रस्त्यावरून धावताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने धावावे. रानवाटेवर एकट्याने जाऊ नये. मार्ग व परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी आणि पुरेसे पाणी सोबत घ्यावे. संगीतामुळे मोबाइलची बॅटरी खर्च होते आणि संकटात मदत मागण्याचे साधनही बहुधा तोच मोबाइल असतो. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून दोरी बांधू नये. दंश झालेला अवयव शक्य तितका स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.