छोटा हत्ती ते ॲप: बेळगाव-निपाणी पट्ट्यातली वीस वर्षे

कोल्हापूरकडून बेळगावला येणारा माल पूर्वी हुंडेकऱ्याच्या भरवशावर यायचा. ट्रक निपाणीत काही पोती उतरवी आणि उरलेला माल बेळगावच्या गोदामात टाकी. मग दुकानदाराने बिल्टी दाखवून माल सोडवायचा, हमाल बघायचा, हातगाडी ठरवायची. गोदामापासून दुकानापर्यंतचा तुकडा कोणाच्याच हिशेबात नव्हता. ती ज्याची त्याची डोकेदुखी. गेल्या वीस वर्षांत याच तुकड्याचा मोठा धंदा उभा राहिला. त्यात सॉफ्टवेअर नवउद्योगांचं आणि भांडवल बाहेरचं. गाडी आणि गल्लीची माहिती मात्र पहिल्यापासून इथल्याच माणसाची.

सुरुवात ॲपने झाली नाही, गाडीने झाली. 2005 मध्ये टाटा मोटर्सने एस आणली आणि लोकांनी लगेच तिचं ‘छोटा हत्ती’ असं बारसं केलं. 700 सीसीचं इंजिन, पाऊण टन माल. पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली ती घडली. पुढे तिचं धाकटं भावंड, एस झिप, आपल्या शेजारच्या धारवाडच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलं. सीमाभागात या गाडीचा एक फायदा खास होता. मोटार वाहन कायद्यात एकूण वजन 3,000 किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिटची अट नाही. त्यामुळे कर्नाटकातली चिक्कोडी पासिंगची, केए 23 नंबरची गाडी परमिटसाठी न अडता महाराष्ट्रातल्या कागलात जाऊ शकत होती. कर्ज काढून गाडी घेतलेला तरुण स्वतःचाच मालक झाला.

मग ऑनलाइन खरेदी आली. फ्लिपकार्टने 2010 मध्ये माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय केली आणि लहान गावांचा विश्वास बसला. अडलं ते पत्त्यावर. 1972 मध्ये श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी देशाला पिनकोड दिला. त्यात पहिला आकडा विभागाचा. कागलचा पिन 416216, निपाणीचा 591237. दोन्ही गावं एकाच महामार्गावर, अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. पण यंत्राच्या लेखी एक चाराच्या घरात, दुसरं पाचाच्या. वाटपाचं जाळं राज्यवार आखलं, की कोल्हापुरातलं पार्सल निपाणीला जायला हुबळीमार्गे वळसा घालणार, हे ओघानेच आलं.

भागीदारीचा काळ 2015 पासूनचा. त्या वर्षी ॲमेझॉनने किराणा दुकानदारांना मोकळ्या वेळेत पार्सलं पोचवायला जोडून घ्यायला सुरुवात केली. 2016 मध्ये पुण्यात इलॅस्टिकरन सुरू झाली. बड्या कंपन्यांचा माल खेड्यातल्या दुकानापर्यंत न्यायचा, पण स्वतःच्या गाड्या न घेता स्थानिकांच्या रिकाम्या गाड्या आणि रिकामा वेळ वापरून, असं तिचं गणित होतं. बंगळूरच्या लोडशेअरने 2017 मध्ये छोट्या वाहतूकदारांना एका सॉफ्टवेअरखाली आणण्याचा मार्ग धरला. नवउद्योगाने हिशेब, मार्ग आणि मागणी सांभाळायची, स्थानिकाने गाडी आणि ओळख आणायची, असा हा व्यवहार.

ती ओळख म्हणजे काय, ते बेळगावच्या खडे बाजारात सकाळी समजतं. गाडी भरताना शेवटी द्यायचं पार्सल आधी आत जातं, पहिलं द्यायचं दाराशी राहतं. ॲप मार्ग दाखवतं, पण गल्लीत भाजीच्या गाड्या कधी लागतात आणि कुठे परत वळायला जागा नाही, हे चालकालाच ठाऊक. पत्त्यावर सीटीएस (नगर भूमापन) नंबर असतो आणि गिऱ्हाईक फोनवर ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढंच सांगतं, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. दोन्ही भाषा बोलणारा चालक ते पार्सल अर्ध्या वेळात पोचवतो. त्याच्या दरात याचा वेगळा पैसा धरलेला नसतो.

जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि दोन्ही राज्यांतले विक्रीकराचे नाके उठले. सीमा मात्र कागदावर राहिली. छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेतल्या निपाणीच्या दुकानदाराला कागलच्या गिऱ्हाइकाला माल पाठवून विकता येत नाही, कारण ती आंतरराज्य विक्री ठरते. एप्रिल 2018 पासून सीमेपलीकडे जाणाऱ्या 50 हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागू लागलं. मालकाकडून वाहतूकदाराकडे जाणाऱ्या मालाला 50 किलोमीटरपर्यंत गाडीचा नंबर न भरण्याची सूट आहे, पण ती राज्याच्या आतच.

करोनाच्या साथीत, 2020-21 मध्ये, सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर तपासणी बसली, तेव्हा लोकांना औषधं आणि किराणा घरपोच देणाऱ्या गाडीचं मोल समजलं. डिसेंबर 2022 मध्ये सीमावाद पेटला आणि बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. गाडीवर कोणत्या राज्याचा नंबर आहे याचा असा धोका मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात विजेवरची एस आली. 39,000 गाड्यांसाठी टाटा मोटर्सने ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट यांच्यासह लेट्सट्रान्स्पोर्ट, मूव्हिंग, येलो ईव्ही यांच्याशी करार केले. प्रमाणित पल्ला 154 किलोमीटर. बेळगाव-निपाणी जाऊन-येऊन साधारण 150 होतात. त्यात भरलेली गाडी आणि निपाणीजवळचा तवंदी घाट. वाटेत चार्जिंग नसेल तर ही गाडी शहरातच शोभते.

2025 मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला: चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटीला दहा अक्षरांचा संकेत. त्याला ना चाराचं घर, ना पाचाचं. पत्त्याचा प्रश्न त्याने सुटू शकेल, पण परतीच्या भाड्याचा नाही. निपाणीहून रिकामी येणारी गाडी अजून चालकाच्याच खिशातून डिझेल पिते. येताना कागल-निपाणीचा माल तिच्यात भरून देणारं, सीमेपलीकडचे कागद आपोआप पुरे करणारं आणि थांबून राहण्याचे पैसे मोजणारं सॉफ्टवेअर जो नवउद्योग आणेल, त्याच्याच कराराला इथे भागीदारी म्हणता येईल. तोवर ते भाड्याचंच काम.