संकेतस्थळावरील फोल्डरला कुलूप

शाळेची किंवा गावच्या सोसायटीची वेबसाइट असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सूचना, फोटो, वार्षिक अहवाल हे सारे तिथे असते आणि ते सर्वांनी पाहावे हाच हेतू असतो. पण पुष्कळदा त्याच जागी मुलांची नावे, पत्ते, जन्मतारखा यांच्या याद्याही ठेवलेल्या आढळतात. 'कुणाला कळणार? पहिल्या पानावर त्याचा दुवाच दिलेला नाही,' असे वेबसाइट सांभाळणारे गृहस्थ सांगतात. म्हणजे दार सताड उघडे, पण वाटेवर पाटी नाही, तेव्हा चोर यायचा नाही! फोल्डरचे नाव अंदाजाने टाइप करून पाहणे मुळीच कठीण नसते, आणि असे अंदाज रात्रंदिवस करीत बसणारी यंत्रे जगात आहेत.

काही जण याहून एक पाऊल पुढे जातात. 'रोबोट्स' नावाच्या एका लहानशा फाइलीत ते लिहून ठेवतात की, अमुक फोल्डर शोधयंत्रांनी वाचू नये. भली शोधयंत्रे हे ऐकतातही. पण ती फाइल कुणालाही वाचता येते. दागिने या कोनाड्यात आहेत, तिकडे पाहू नका, अशी ती जाहीर पाटीच झाली.

तेव्हा लपविणे निराळे आणि कुलूप लावणे निराळे. वेबसाइटच्या फाइली ज्या संगणकावर असतात आणि मागेल त्याला ज्या तेथून पाठविल्या जातात, त्याला वेब सर्व्हर म्हणतात. हे काम करणारा 'अपाचे' नावाचा एक प्रोग्राम 1995 पासून चालत आला आहे व आजही तो सर्रास वापरात आहे. त्याचीच रीत सांगतो. इतर सर्व्हरांची रीत वेगळी, तत्त्व तेच.

ज्या फोल्डरला कुलूप हवे, त्यात 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' नावाची साध्या मजकुराची फाइल ठेवायची. तिच्यात चार ओळी पुरतात. 'ऑथटाइप बेसिक' ही पहिली. कुलपाचा प्रकार सांगणारी. 'ऑथनेम' या दुसरीत त्या जागेला आपण दिलेले नाव. 'ऑथयूजरफाइल' या तिसरीत पासवर्डांची वही कुठे ठेवली आहे तिचा पूर्ण पत्ता. आणि 'रिक्वायर व्हॅलिड-यूजर' ही चौथी. वहीत ज्याचे नाव आहे आणि ज्याचा पासवर्ड जुळतो, त्यालाच आत सोडावे, असा हुकूम. या ओळी अर्थातच इंग्रजी लिपीत लिहाव्या लागतात.

खरी काळजी घ्यायची ती या वहीची. 1962 साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला संगणकावर अधिक वेळ हवा होता. त्याने सर्वांच्या पासवर्डांची फाइलच छापून मिळविली! पासवर्ड तिच्यात जसेच्या तसे लिहिलेले होते. पुढे 1979 साली बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी यावरचा उपाय एका निबंधात मांडला. ज्वारीचे पीठ होते, पिठाची ज्वारी होत नाही. तसा पासवर्ड दळून त्याचे पीठच वहीत ठेवायचे. कुणी पासवर्ड दिला की तोही दळायचा आणि पीठ जुळते का पाहायचे. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळे दिसावे म्हणून प्रत्येकात काही यादृच्छिक अक्षरे मिसळतात, आणि त्यांना गमतीने 'सॉल्ट', म्हणजे मीठच म्हणतात.

हे दळण 'एचटीपासवर्ड' ही आज्ञा करते. तिला 'बी' हे मोठे अक्षर जोडले की पीठ बारीक, म्हणजे फोडायला अवघड निघते. 'सी' हे लहान अक्षर जोडल्यास नवी वही तयार होते. पण दुसरे नाव घालताना 'सी' मुळीच जोडू नये. नाहीतर जुनी वही पुसली जाऊन शेवटचे एकच नाव उरते. आणि वही वेबसाइटच्या फोल्डरांबाहेर ठेवावी. किल्ल्यांचा जुडगा दाराला टांगू नये. प्रत्येक शिक्षकाला स्वतंत्र नाव द्यावे. एकाची बदली झाली की त्याचीच ओळ काढता येते, सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागत नाही.

आता वाटेचा धोका. या 'बेसिक' पद्धतीत नाव आणि पासवर्ड प्रत्येक मागणीबरोबर पाठविले जातात, आणि तेही केवळ लिपी बदलून. पोस्टकार्डावर मोडीत मजकूर लिहावा तसे ते आहे: मोडी येणाऱ्याला तो सहज वाचता येतो. म्हणून कार्ड पाकिटात घालावे लागते. वेबसाइटच्या पत्त्याआरंभी 'एचटीटीपीएस' असणे म्हणजे हे पाकीट. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र 2015 पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' या सेवेकडून विनामूल्य मिळते. तेव्हा खर्चाची सबब उरलेली नाही.

एवढे करूनही कुलूप बसलेच असे समजू नये. सर्व्हरच्या मुख्य फाइलीत 'अलाउओव्हरराइड' या शब्दापुढे 'नन' असेल, तर फोल्डरातली आपली फाइल अपाचे वाचतच नाही, आणि तक्रारही करीत नाही. सारे ठाकठीक दिसते, दार मात्र उघडेच. तिथे 'ऑथकॉन्फिग' लिहून घ्यावे लागते. म्हणून दुसऱ्या कुणाच्या फोनवरून त्या यादीचा थेट पत्ता टाइप करून पाहावा. पासवर्ड विचारला गेला आणि 'रद्द करा' म्हटल्यावर 401 हा आकडा आला, म्हणजे कुलूप बसले.

शाळेतला संगणक सामाईक असेल तर काम संपल्यावर ब्राउझर पुरता बंद करूनच उठावे. या पद्धतीत 'बाहेर पडा' असे बटण नसते, आणि ब्राउझर चालू असेतो पासवर्ड त्याच्या लक्षात राहतो.