खाऱ्या वाऱ्याचा भरवसा: मुंबईच्या किनाऱ्यावरील चालणे, खाणे आणि काही गैरसमज

मुंबईत चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याचे आरोग्यविषयक आडाखे बहुधा समुद्राच्या सान्निध्यावर बेतलेले असतात. समुद्र शेजारी आहे म्हणून पहाटेची हवा शुद्ध असणार, वारा वाहतो म्हणून ऊन बाधणार नाही आणि बंदर हाकेच्या अंतरावर आहे म्हणून ताटातली मासळी ताजीच असणार, असे तो धरून चालतो. यांतील प्रत्येक गोष्ट वर्षाच्या काही महिन्यांत आणि दिवसाच्या काही तासांत खरी असते. चूक होते ती तिला बारमाही मानण्यात.

दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून जे वारे येतात त्यांना खारे वारे म्हणतात. रात्री जमीन लवकर निवते, दिशा उलटते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. हिवाळ्यात मुंबईच्या पहाटेवर या मंद मतलई वाऱ्यांचा अंमल असतो, आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसल्यामुळे शहरातील धूळ व धूर वर विरून जात नाही. खारे वारे दुपारच्या सुमारास जोर धरतात तेव्हा कुठे ही कोंडी फुटते. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत दम्याचा त्रास असलेल्या माणसाला मरीन ड्राइव्हवरील फेरीसाठी भल्या पहाटेपेक्षा दुपारी चारनंतरची वेळ अधिक सोयीची, तर एप्रिल-मे महिन्यांत हाच हिशेब उलटतो आणि सूर्य वर येण्याआधीचा तासच काय तो चालण्याजोगा उरतो.

वारा लागतो म्हणजे शरीर थंड राहते, हा समज अर्धाच खरा आहे. शरीराला थंडावा मिळतो तो नुसत्या घाम येण्याने नव्हे, तर घामाचे बाष्प होण्याने, आणि हवा आधीच बाष्पाने भरलेली असली की हे काम मंदावते. वाऱ्याची झुळूक सुखावते, पण घामावाटे पाणी आणि मीठ जातच राहते. अशा वेळी शहाळ्याचे पाणी सगळी भरपाई करते अशी सर्वसाधारण श्रद्धा आहे. वस्तुतः त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्या मानाने कमी असते, तर घामावाटे मुख्यतः सोडियम जाते. ताकात किंवा लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ घालण्याची घरगुती पद्धत ही उणीव भरून काढते, मात्र रक्तदाबाच्या रुग्णाने मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

चालण्याबाबतचा सर्वांत चिवट गैरसमज दहा हजार पावलांचा आहे. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नसून १९६५ मध्ये जपानमध्ये बाजारात आलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नावातून रूढ झालेला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वृद्ध अमेरिकी स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्येही मृत्यूचे प्रमाण त्याहून बरेच कमी चालणाऱ्यांच्या तुलनेत घटलेले आढळले आणि साधारण ७,५०० पावलांपुढे हा फायदा वाढताना दिसला नाही. मरीन ड्राइव्हची कमान साधारण साडेतीन किलोमीटरची असल्याने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत आले की दहा हजारांच्या आसपास पावले आपोआप होतात. पण तेवढे झाले नाही म्हणून पाहुण्याने खट्टू होण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, आणि सलग दहा मिनिटांहून कमी काळ केलेली हालचाल मोजायची नाही ही जुनी अटही आता उरलेली नाही.

वाळूवरील चालणे ‘हलके’ असते हेही खरे नाही. मऊ वाळूत त्याच वेगाने चालायला कठीण पृष्ठभागाच्या तुलनेत दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, कारण प्रत्येक पावलागणिक वाळू सरकते आणि पोटऱ्यांना व घोट्यांना जास्त राबावे लागते. जुहूला ओहोटीच्या वेळी पाण्यालगत उघडी पडणारी ओली, घट्ट पट्टी सवय नसलेल्याला बरी, आणि तिच्यासाठी भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघावे लागते, कारण त्या रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात.

खाण्याकडे वळले की ‘समुद्राकाठी मासळी ताजीच’ हा समज आधी तपासावा लागतो. राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, कारण हा अनेक माशांच्या प्रजननाचा आणि खवळलेल्या समुद्राचा काळ असतो. पूर्व किनाऱ्यावरील बंदी मात्र १४ जूनला उठते. जुलैमध्ये मुंबईच्या ताटात आलेली सुरमई त्यामुळे बर्फातून दूरचा प्रवास करून आलेली असण्याचा संभव मोठा. बर्फात नीट राखलेली मासळी वाईट नसते, हेही सांगितले पाहिजे. धोका असतो तो मध्येच उबेत राहिलेल्या बांगड्यात, तारलीत किंवा कुप्यात. अशा माशांतील हिस्टिडिन या घटकापासून जिवाणू हिस्टामिन तयार करतात, आणि ते एकदा तयार झाले की शिजवल्याने वा गोठवल्याने जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होतो, डोके दुखते आणि लोक त्याला ‘माशाची अ‍ॅलर्जी’ म्हणून मोकळे होतात. कल्ले लाल, डोळे फुगीर व स्वच्छ, आणि बोटाने दाबल्यावर खड्डा न राहणारे मांस, ही कोळणींची कसोटी येथेही कामी येते. काही खानावळींत कच्ची मासळी दाखवतात, तेथे ती पाहून घेण्यात संकोच नसावा.

महाग मासा अधिक पौष्टिक, हे समीकरणही टिकत नाही. ओमेगा-३ या उपयुक्त मेदाम्लांच्या बाबतीत स्वस्त बांगडा आणि तारली पापलेटाच्या मागे नाहीत, उलट तेलकट मासे म्हणून त्यांची गणना वरचीच आहे. पाणीदार बोंबील तळण्याआधी चिरून वजनाखाली दाबतात तेव्हा त्यातून पाणी निथळते. पुढे रव्याचे वेष्टण तेल शोषून घेते आणि हलका मासा जड होतो. तोच मासा कालवणात, भाकरीबरोबर खाल्ला तर संध्याकाळची फेरी अडत नाही. सोबतची सोलकढी चरबी जाळते असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे, कारण तिच्यात कोकमाबरोबर नारळाचे दूध, म्हणजे मेदही असतो. मासे व दूध एकत्र खाल्ल्याने कोड उठते या धारणेला तर वैद्यकीय आधारच नाही, कारण कोड हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने होणारा विकार आहे.

चौपाटीवरील भेळ ही सरसकट वर्ज्य ठरवली जाते, तेही अन्यायाचेच आहे. कुरमुरे, कांदा, टोमॅटो, कैरी यांत मुळात घातक काही नाही. शंका घ्यायची ती पाण्याबद्दल, म्हणजे चटणीच्या, पाणीपुरीच्या आणि गोळ्याच्या बर्फाच्या. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे सक्तीचे आहे, त्यामुळे सरबताच्या गाडीवर निळसर लादी दिसली तर तेथे पेला घेऊ नये. उकळते कालवण वा तव्यावरून थेट उतरलेली पावभाजी मात्र या बाबतीत कमी जोखमीची, लोण्याचा हिशेब वेगळा ठेवून.