दुसऱ्या अल्बमचा निकाल घाईने लावू नका

रॉक बँडच्या पहिल्या अल्बममागे सगळी उमेदीची वर्षं असतात. त्यातली गाणी क्लबांत वाजवून, गाळून, पारखून घेतलेली असतात. दुसऱ्याच्या वेळी वही रिकामी असते, हाती वेळ थोडा असतो आणि लाखो श्रोते वाट बघत असतात. पहिलं यश ध्यानीमनी नसताना आलं असेल, तर लोकांना आपलं नेमकं काय आवडलं हे बँडलाही उमगत नाही. अमेरिकेतल्या ‘वीझर’ या बँडवर ही वेळ आली होती.

1992 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या या बँडचा पहिला अल्बम मे 1994 मध्ये आला. ‘द कार्स’ या बँडच्या रिक ओकासेकने त्याची निर्मिती केली होती. निळ्या मुखपृष्ठामुळे तो ‘ब्लू अल्बम’ म्हणूनच ओळखला जातो. त्यातल्या ‘बडी हॉली’ या गाण्याचा व्हिडिओ इतका गाजला की मायक्रोसॉफ्टने तो ‘विंडोज 95’च्या सीडीवरही दिला. अल्बम लाखोंनी खपला.

दुसऱ्या अल्बमसाठी बँडचा गायक-गीतकार रिव्हर्स क्वोमोने आधी अंतराळात घडणारा एक रॉक ऑपेरा लिहायला घेतला, पण तो बेत मागे पडला. 1995 मध्ये त्याने हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला. त्याचा एक पाय जन्मापासून आखूड होता. तो लांब करण्यासाठी शस्त्रक्रियेत हाड मुद्दाम तोडलं गेलं. पुढे कित्येक महिने पायाभोवती पोलादी चौकट होती आणि दिवसातून चार वेळा तो स्वतःच पाय ताणून घेत असे. या वेदनेतून आणि एकटेपणातून नवी गाणी आली.

त्यांना साजेसा आवाज हवा म्हणून बँडने बाहेरचा निर्माता घेतलाच नाही. क्वोमो आणि बँडमधले त्याचे साथीदार मॅट शार्प आणि ब्रायन बेल यांनी वेगवेगळं गाऊन आवाज जोडण्याऐवजी तीन माइकभोवती उभं राहून एकत्र गायलं. श्वास, ओरड, किंचित सुटलेले सूर सगळं तसंच राहिलं. अल्बमला नाव दिलं ‘पिंकर्टन’. पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेरामध्ये जपानी मुलीशी लग्न करून तिला वाऱ्यावर सोडणाऱ्या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याचं हे नाव. यातली काही गाणी आज ऐकताना अवघडल्यासारखं होतं, विशेषतः जपानी मुलींविषयीची. पण स्वतःच्या अल्बमला अशा माणसाचं नाव देणारा गीतकार आधी स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो.

24 सप्टेंबर 1996 ला अल्बम आला आणि बिलबोर्डच्या यादीत 19 व्या क्रमांकावर थबकला. ‘बडी हॉली’चा खट्याळपणा शोधणाऱ्यांना तो सापडला नाही. ‘रोलिंग स्टोन’ या संगीत मासिकाच्या वाचकांनी तर वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांमध्ये त्याची गणना केली. क्वोमोला हे फार लागलं. पुढे तो स्वतःही या अल्बमविषयी वाईट बोलू लागला. 2001 मध्ये तिसरा अल्बम आला तो पुन्हा ओकासेकच्या निर्मितीत. गाणी आटोपशीर, गोड, पण मन उघडं करणारा गीतकार त्यातून जवळपास गायब होता.

त्याच सुमारास ‘पिंकर्टन’ला मात्र नवे श्रोते मिळत होते. ‘इमो’ म्हणजे मनातलं उघडपणे मांडणारं रॉक संगीत करणाऱ्या तरुण बँडनी त्याला आपला पूर्वज मानलं. 2004 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने पुनर्मूल्यांकन करून त्याला पाच तारे दिले. 2010 मध्ये बँडने तो अख्खा अल्बम रंगमंचावर वाजवला. 2016 मध्ये, तब्बल वीस वर्षांनी, त्याला अमेरिकेत प्लॅटिनम दर्जा मिळाला.

अल्बम तोच होता, बदलले ते ऐकणारे. पण पहिल्या निकालाची किंमत मधल्या काळात एका गीतकाराने मोजली. पुढच्या वेळी आवडत्या बँडचा दुसरा अल्बम पहिल्यासारखा वाटला नाही, तर लगेच शेरा मारू नका. महिनाभर थांबा, पुन्हा ऐका. सवय करायची असेल, तर ‘ब्लू अल्बम’ आणि ‘पिंकर्टन’ सलग ऐका. दोन्ही मिळून जेमतेम सव्वा तास लागतो.