तीन चाकांची बाबागाडी : निवडीपूर्वीं कांहीं विचार

ज्या घरांत आजी, आजोबा, काका, आत्या अशीं चार माणसें नांदतात, त्या घरांतील मुलास गाडीची गरज काय, असा प्रश्न एके काळीं सहज विचारला जाई. मूल एकाच्या कडेवरून दुसऱ्याच्या कडेवर जाई, आणि तसेंच तें मोठें होई. आज त्याच घरांतील आई व बाप दोघेंही नोकरीसाठीं बाहेर पडतात, काका-आत्या परगांवीं असतात, आणि नातवंडास सकाळीं बागेंत नेण्याचें काम साठी उलटलेल्या आजी-आजोबांकडे येतें. दहा किलो वजनाचें मूल कडेवर घेऊन अर्धा मैल चालणें त्या वयांतील गुडघ्यांस मानवत नाहीं. म्हणून बाबागाडी ही आतां केवळ हौसेची वस्तु राहिली नसून पुष्कळ घरांत गरजेची झाली आहे.

गाडी घ्यावयास दुकानांत गेलें म्हणजे हल्लीं पुष्कळांची नजर एका विशिष्ट जातीच्या गाडीवर खिळते : पुढें एक व मागें दोन अशीं तीन चाकें, सुटसुटीत बांधा, आणि एका हातानें मिटवितां येणारी घडी. ती दिसावयास देखणी, वळावयास चपळ आणि दाराआड मावणारी असते. विक्रेताही प्रथम तिची घडीच करून दाखवितो, आणि घरची मंडळी तेवढ्यावरच प्रसन्न होतात. परंतु मुलाच्या दृष्टीनें पाहतां घडी हा गाडीचा शेवटचा गुण होय. कारण गाडी मिटलेली असते तेव्हां मूल तींत नसतें. मूल बसलें असतां ती उभी कशी राहते, वळते कशी व थांबते कशी, हें आधीं पाहिलें पाहिजे. आटोपशीरपणा व तोल हे गुण एकमेकांस विरुद्ध दिशांनीं ओढतात, आणि तीन चाकांच्या गाडींत ही ओढाताण विशेष असते. प्रस्तुत लेखांत तिचाच विचार करावयाचा आहे.

तीन चाकें ही कांहीं आजची टूम नव्हे. ऋग्वेदांत अश्विनीकुमारांच्या रथास त्रिचक्र म्हटलें आहे, हें संस्कृतज्ञ वाचकांस ठाऊक असेलच. मुलांच्या गाडीचा युरोपांतील इतिहास मात्र बराच अलीकडचा. १७३३ सालीं विल्यम केंट या इंग्रज कलावंतानें डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं एक लहानशी गाडी तयार केली. ती बोकडानें किंवा तट्टानें ओढावयाची होती. गाडी ओढण्याऐवजीं मागून ढकलावी, म्हणजे मूल डोळ्यांपुढें राहतें, ही कल्पना १८५० नंतरच्या दशकांत लंडन येथें चार्ल्स बर्टन यानें पुढें आणिली. त्या काळच्या ढकलगाड्यांस बहुधा तीनच चाकें असत. पुढें चार चाकांच्या भारदस्त गाड्यांचें युग आलें. स्पिटफायर विमानाच्या मिटणाऱ्या चाकांच्या रचनेवर काम केलेल्या ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्यानें १९६५ सालीं छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी योजिली; तिचें वजन तीन किलोंच्या आंत होतें. त्यानंतर १९८० च्या दशकांत अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत फिल बेक्लर या वृत्तपत्रांत काम करणाऱ्या गृहस्थानें, आपल्या मुलास बरोबर घेऊन धांवतां यावें म्हणून, सायकलीचीं चाकें लावून तीनचाकी गाडी बनविली.

आजच्या सुटसुटीत तीनचाकी गाडींत मॅक्लारेनची घडी व बेक्लरचीं तीन चाकें एकत्र आलीं आहेत. पण बेक्लरची गाडी लांब, रुंद व मोठ्या चाकांची होती, म्हणूनच ती स्थिर होती. घडी लहान करावयाची म्हटलें कीं हीच लांबी, रुंदी व चाकें कमी करावीं लागतात. म्हणजे स्थैर्यांतून कांहीं वजा करूनच आटोप साधतो. तो किती वजा झाला आहे, एवढेंच गिऱ्हाइकानें शोधावयाचें असतें.

यासाठीं थोडी भूमिति लागते. चार पायांचें टेबल खडबडीत फरशीवर डगमगतें, पण तिवई डगमगत नाहीं. कारण कोणत्याही तीन बिंदूंतून एक पातळी जातेच, चौथा बिंदु तींत असेल याचा नेम नसतो. तीनचाकी गाडीचीं सर्व चाकें उंचसखल रस्त्यावरही जमिनीस टेकलेलीं राहतात तीं याच कारणानें. परंतु न डगमगणें व न उलटणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुलासह गाडीचा जो गुरुत्वमध्य, त्यापासून खालीं सोडलेला ओळंबा चाकांनीं आंखलेल्या आकृतीच्या आंत पडला पाहिजे. चार चाकांची आकृति चौकोनी असते. तीन चाकांची त्रिकोणी, म्हणजे चौकोनाचे पुढले दोन कोपरे छाटलेले. मूल सरळ पुढें वांकलें तर फारसें बिघडत नाहीं. पण रस्त्यांतील मांजर पाहण्यासाठीं तें पुढें व बाजूस असें तिरपें झुकलें, तर ओळंबा नेमका त्या छाटलेल्या कोपऱ्यांतून बाहेर पडतो. भरधाव वळणारी रिक्षा ज्या बाजूस कलते, तीच ही बाजू. रिक्षाही तीनचाकीच आहे.

यावरून निवडीचे नियम सहज निघतात. मागील दोन चाकांमधील अंतर बैठकीच्या रुंदीहून स्पष्टपणें अधिक असावें. बैठक जितकी खालीं, तितकी बरी. पुढील चाक मुलाच्या पायांच्या बरेंच पुढें असावें. घडी लहान व्हावी म्हणून तें मागें ओढलेलें असेल तर ती गाडी नाकारावी. दुकानांत रिकाम्या गाडीची परीक्षा करूं नये. दहा किलोंची तांदुळाची पिशवी बैठकींत पट्ट्यांनीं बांधावी, आणि बैठकीच्या पुढील कोपऱ्यावर तळहातानें तिरपा दाब द्यावा. मागील चाक लगेच उचललें गेलें तर घडी कितीही लहान होवो, ती गाडी आपली नव्हे. मंडईंतून येतांना भाजीची पिशवी मुठीस अडकविण्याची संवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. तीही सोडली पाहिजे. मुठीचा भार मागील चाकांच्या मागें पडतो, आणि हलकी गाडी मुलासह उताणी होते. ओझें बैठकीखालच्या टोपलींत ठेवावें. तेथें तें तोलास उलट मदतच करतें.

आतां पुढील चाकाकडे वळूं. सर्व दिशांस फिरणारें चाक बाजारांत व अरुंद जागेंत सोयीचें. पण खडीवर, उतारावर किंवा वेगानें चालतांना तें थरथरूं लागतें, म्हणून तें सरळ दिशेंत बांधून ठेवणारा खटका गाडीस असलाच पाहिजे. कांहीं गाड्यांचें हें चाक सायकलीप्रमाणें कळ उलटून काढतां येतें. कळ नीट आवळली नाहीं तर चाक वाटेंतच निखळतें व गाडी तोंडावर आपटते. अमेरिकेच्या ग्राहकवस्तु-सुरक्षा आयोगानें २०१८ च्या फेब्रुवारींत एका कंपनीच्या धांवण्याच्या तीनचाकी गाड्यांविरुद्ध अशीच तक्रार दाखल केली. २०१२ पासून सुमारें २०० तक्रारी आल्या असून निदान ५० मुलें व ४७ मोठीं माणसें जखमी झालीं, असें आयोगाचें म्हणणें होतें. पुढें त्याच वर्षीं तडजोड झाली. तात्पर्य, पुढील चाक सुटें होणारें असेल तर प्रत्येक वेळीं निघण्यापूर्वीं तें हातानें ओढून पाहावें.

घडीच्या बिजागरीचीही अशीच गोष्ट आहे. २००९ च्या नोव्हेंबरांत एका प्रसिद्ध कंपनीच्या सुमारें १० लक्ष छत्री-घडीच्या गाड्यांबद्दल अमेरिकेंत जाहीर सूचना निघाली. बिजागरींत सांपडून मुलांच्या बोटांचीं टोंकें तुटल्याचे १२ प्रकार नोंदले गेले होते. कंपनीनें बिजागऱ्या झांकणारीं आवरणें दिलीं. म्हणून गाडी उघडतांना व मिटवितांना मूल दुसऱ्या माणसाच्या हातीं असावें. तसेंच घडीस एकच खटका पुरत नाहीं. पहिला चुकून सुटला तर गाडी मिटूं न देणारा दुसरा खटका हवाच.

मुलाच्या वयाकडे पाहिल्याशिवाय तर निवड पुरी होतच नाहीं. सहा महिन्यांच्या आंतील मुलास मान धरतां येत नाहीं, किंवा नुकती येऊं लागलेली असते. उभट बैठकींत त्याची हनुवटी छातीवर पडते व श्वासाची वाट अरुंद होते. युरोपीय मानकाप्रमाणें एवढ्या लहान मुलाच्या गाडीची पाठ बैठकीशीं निदान १५० अंशांचा कोन होईल इतकी मागें लवली पाहिजे. पुष्कळशा आटोपशीर गाड्यांची पाठ तितकी लवत नाहीं. त्या बसतें झालेल्या मुलासाठींच होत. गाडी धांवण्यासाठीं बनविलेली असली तरी तान्ह्या मुलास तींत घालून धांवूं नये. पट्टे पांच ठिकाणीं बांधणारे असावेत, म्हणजे दोन खांद्यांवर, दोन कमरेस व एक मांड्यांमधून. नुसता कमरपट्टा असेल तर मूल खालून घसरतें.

छताचाही विचार करावा. लहान घडीच्या गाडीचें छत बहुधा तोकडें असतें. वैशाखाच्या उन्हांत मग कोणी तरी प्रेमानें वर सुती ओढणी टाकतें, आणि आंत भट्टी होते. सिडनी विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोरडें फडकें टाकल्यानें आंतील उष्मा वाढतो, आणि ओलें मलमलीचें फडकें व पंख्याचा वारा यांनीं तो कमी होतो, असें आढळलें. त्यापेक्षां खोल व जाळीच्या खिडकीचें छत पाहून घेणें श्रेयस्कर.

यानंतर आपली वाट. पुण्या-मुंबईच्या फूटपाथवर सिमेंटचे ठोकळे कोठें उचललेले, कोठें खचलेले असतात. मूठ दाबतांच एकच चाक उचलून कड चढावयाची, हें तीनचाकीस उत्तम साधतें. चारचाकीचीं दोन लहान चाकें तेथें अडतात. उलटपक्षीं कांहीं जिन्यांवर गाडीसाठीं दोन समांतर पट्ट्यांचा उतार केलेला असतो; त्यावर तीनचाकी चालत नाहीं, कारण मधलें चाक पायऱ्यांवर आदळतें. हवेचीं चाकें धक्का कमी देतात, पण पंक्चर होतात. भरीव चाकें निर्धास्त, पण कडक. जेथें उद्वाहक नाहीं, तेथें घरांतील जें माणूस गाडी रोज तिसऱ्या मजल्यावर नेणार, त्यानेंच ती दुकानांत उचलून पाहावी. मुलाच्या बापानें उचलून आजीसाठीं निर्णय देऊं नये.

एकत्र कुटुंबांत गाडी एकाच हातीं राहत नाहीं, हें तर विशेष ध्यानांत ठेवावें. सकाळीं आजोबा, दुपारीं मावशी, संध्याकाळीं आई. प्रत्येकाची उंची वेगळी, म्हणून मूठ वरखालीं होणारी असावी. त्याहून महत्त्वाचें म्हणजे ब्रेक. एकाच पायानें दोन्ही मागील चाकें धरणारा ब्रेक हवा, आणि तो घरांतील प्रत्येकास न पाहतां लावतां आला पाहिजे. १५ ऑक्टोबर २००९ रोजीं मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकावर आईचा हात क्षणभर सुटतांच बाबागाडी फलाटावरून रुळांवर गेली व आगगाडीखालीं सांपडली. मूल वांचलें तें केवळ सुदैवानें. ऑस्ट्रेलियांत २००८ पासूनच बाबागाड्यांस मनगटांत अडकविण्याचा पट्टा सक्तीचा झालेला होता. आपल्याकडील गाडीस तो नसेल तर जाड निवारीचा शिवून घ्यावा. थांबलें कीं ब्रेक, मग हात सोडणें, हा क्रम घरांत सर्वांचा एकच असावा.

एवढें सांगितल्यावर निर्णय फारसा अवघड राहत नाहीं. मूल बसतें झालेलें, रस्ता खडबडीत, गाडी रोज बागेपर्यंत न्यावयाची, आणि वरील कसोट्यांस उतरणारी रुंद पायाची तीनचाकी मिळत असेल, तर ती अवश्य घ्यावी. तिची घडी चार बोटें मोठी झाली तरी हरकत नाहीं. मूल तान्हें असेल, किंवा प्रवास मुख्यतः रिक्षा, आगगाडी व विमान यांचा असेल, तर सपाट लवणारी लहान चारचाकी अधिक सोयीची.

शेवटीं एक सूचना. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं दिलेल्या मार्गदर्शनांत, पांच वर्षांखालील मुलास गाडींत वगैरे एका वेळीं तासाहून अधिक बांधून ठेवूं नये असें म्हटलें आहे. आपल्या घरांत लांकडी पांगुळगाडा पूर्वापार आहे. तोही तीन चाकांचाच, पण त्यांत मूल बसत नाहीं, तेंच उभें राहून तो ढकलतें. बाबागाडी बागेच्या फाटकापर्यंत असावी. तेथें ब्रेक लावावा, पट्टे सोडावे, आणि मुलास गवतावर उतरवावें.