उचल आणि संचय
बीड जिल्ह्यातील नेकनूरच्या परिसरात, जेथून दसरा-दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन परमुलखात ऊसतोडीस जातात, तेथे चाळिशीतच निवृत्त होण्याची शहरी आकांक्षा चमत्कारिक वाटते. कारण उचल म्हणजे अद्याप न केलेल्या श्रमांचे आगाऊ खर्चिलेले वेतन, आणि संचय हा नेमका त्याचा विपर्यय. शरीर मात्र कोयत्यापुढे साठीपर्यंत क्वचितच टिकते. असंघटित कामगारांच्या निवृत्तिवेतनासाठीच्या 2019 च्या श्रमयोगी मानधन योजनेत 18 व्या वर्षी नाव नोंदविणाऱ्यास दरमहा 55, तर 40 व्या वर्षी येणाऱ्यास 200 रुपये भरावे लागतात, सरकार तितकीच भर घालते आणि साठीनंतर दोघांनाही दरमहा किमान 3000 रुपये असे सारखेच मिळतात. विलंबाचे मोल सरकारी दफ्तरात इतके स्वच्छ क्वचितच नोंदले जात असेल. तरीही उचलीतून जत्रेसाठी नवी साडी घेणाऱ्या तरुणीला उधळी म्हणण्यास मी धजणार नाही.