मे महिन्यातली परसबाग
कोरडवाहू हिरवाई : लेखांक ६

राळेगण सिद्धी नव्हे, राळेगाव. पारनेर तालुक्यातल्या राळेगणला वर्षाकाठी ४०० ते ५०० मिलीमीटर पाऊस मिळतो आणि पाणलोटाची भाषा साऱ्या महाराष्ट्राला त्या गावाने शिकवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावच्या वाट्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस येतो. तरीही एप्रिल उजाडला की इथल्या घरामागची वाडी करपते, आणि गटाने किंवा शाळेने हौसेने लावलेली बाग तर सगळ्यांत आधी. मग सगळे म्हणतात, 'आमच्याकडे पाणीच नाही.' मला हे अर्धंच खरं वाटतं. पाणी वर्षभराचं आहे, पण ते चार महिन्यांत येऊन जातं आणि बाग मात्र आपण बारा महिन्यांची मांडतो.

जमिनीचा स्वभाव आधी पाहू. हा कपाशीचा, काळ्या मातीचा मुलूख. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. ऑगस्टमध्ये तिच्यात पाय रुततो, मुळांना हवा मिळत नाही. एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालचा ओलावाही उडून जातो. खाली काळा पाषाण. त्यात पाणी साठतं ते फटींत आणि कुजलेल्या मुरमात, म्हणजे बेताचंच. दिवाळीला काठोकाठ दिसणारी विहीर होळीनंतर तळ दाखवते ती त्यामुळे. त्यावर विदर्भाचं ऊन. मे महिन्यात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला १० मिलीमीटरपेक्षा जास्त उडतं.

पाणी अडवायचं काम या तालुक्याला नवं नाही. २०१७ च्या सत्यमेव जयते वॉटर कपमध्ये राळेगाव तालुका होता. त्या वर्षीचा पहिला क्रमांक वर्धा नदीच्या पलीकडच्या आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने पटकावला, एका लहानशा आदिवासी गावाने. समतल चर, दगडी बांध, शेततळी. ४५ दिवस माणसं उन्हात खपली. यवतमाळचे सुभाष शर्मा, ज्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेही वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत की शेतातला पाऊस शेतातच मुरला पाहिजे. या कामांनी विहिरीला महिना-दोन महिने जास्तीचे मिळतात. पण विहिरीतलं पाणी भेंडीच्या बुंध्याशी रोज कोण नेणार, हा प्रश्न तिथेच राहतो. पंचेचाळीस दिवस कुदळ चालवायला गाव जमतं. मे महिन्यात रोज संध्याकाळी दोन घागरी ओतायला मात्र एकही नाव पुढे येत नाही. सामूहिक बागा मरतात त्या इथे.

म्हणून आधी हिशेब. एक मिलीमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. अर्ध्या गुंठ्यातल्या भाजीला हिवाळ्यात दिवसाला तीन-चार मिलीमीटर, म्हणजे दीडशे ते दोनशे लिटर पुरतात. मे महिन्यात तीच भाजी दिवसाला आठ मिलीमीटर मागते, चारशे लिटर. आता घराकडे बघा. जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटरचं. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर आले, तर त्यातलं दोन-तृतीयांश पाणी न्हाणीतून आणि भांडी घासायच्या जागेवरून बाहेर वाहतं असं धरू. झाले १८० लिटर. म्हणजे एका घराच्या सांडपाण्यावर हिवाळ्यात अर्धा गुंठा सुखाने पिकतो, आणि उन्हाळ्यात पाव गुंठासुद्धा धड भिजत नाही. दोन गुंठ्यांची गटाची बाग मेमध्ये हिरवी ठेवायची तर आठ-नऊ घरांचं सांडपाणी लागेल. ते कुठलाही गट डोक्यावरून वाहून आणणार नाही, आणि आणावं अशी अपेक्षाही करू नये.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. बाग ऋतूप्रमाणे पसरावी आणि आकसावी. पावसाळ्यात दोन गुंठे, हिवाळ्यात एक, आणि उन्हाळ्यात न्हाणीच्या ओहळाला धरून असलेला तुकडा तेवढा. उरलेली जागा कुटाराखाली झाकून निजू द्यावी. पडीक दिसते म्हणून लाजायचं कारण नाही.

सांडपाण्याबद्दल एक सावधगिरी मात्र हवी. आंघोळीचं आणि राखेने घासलेल्या भांड्यांचं पाणी चालतं. कपड्यांच्या पावडरीचं पाणी काळ्या जमिनीत रोज ओतलं तर त्यातलं सोडियम मातीचे कण सुटे करतं आणि जमीन चोपण होत जाते. ते पाणी भाजीला न देता खडी-वाळूच्या खड्ड्यातून, कर्दळीच्या मुळांतून गाळून केळीला द्यावं. कसलंही सांडपाणी पानांवर किंवा मुळा-गाजरावर नको. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही हटवले, ते उत्तमच. पण जिथे घरामागे वीतभर जागा आहे तिथे सगळं पाणी खड्ड्यात जिरवण्याआधी त्याच्यावर धोपा, पपई आणि एक वेल का पोसू नये?

आता वाफ्यांचा आकार. कोरड्या मुलखासाठी जगभर खोलगट वाफे सांगतात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत झुनी लोक मातीच्या ठेंगण्या भिंती घालून चौकोनी खोलगट खाचरं करत आले आहेत. पडलेला थेंब तिथेच अडतो. राळेगावात हे जुलैत केलंत तर ऑगस्टमध्ये मिरचीची रोपं उभ्या पाण्यात कुजतील. इथे पावसाळ्याला गादीवाफा, वीतभर उंच, बाजूने चर. दसऱ्यानंतर पालक-मेथी-सांभारासाठी तेच वाफे मोडून दोन बोटं खोलगट करायचे. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

भेगांवर इलाज आच्छादनाचा. सोयाबीनचं कुटार, गवत, पालापाचोळा, चार बोटं जाडीचा थर. पऱ्हाट्या मात्र तशाच आणून पसरू नयेत. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडते आणि पुढच्या हंगामात तिथूनच निघते. कुंपणाला तुराट्या बऱ्या. रोही आणि रानडुकराला त्या थोपवत नाहीत, शेळीला थोपवतात. आणि मडकं. मातीचं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरून झाकायचं, भोवती भोपळ्याच्या चार बिया. पाणी पाझरतं ते मूळ ओढेल तेवढंच. चीनमधल्या फान शंगजीच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही युक्ती आलेली आहे. आपल्याकडे कुंभाराच्या अंगणात गळकी म्हणून बाजूला ठेवलेली मडकी यासाठी चालतात आणि स्वस्तात मिळतात.

'उमेद' अभियानाने २०२० साली 'माझी पोषण परसबाग' मोहीम काढली, तेव्हापासून गावोगावच्या बचत गटांना गोल बागेचा नकाशा ओळखीचा झाला आहे. मधे एक आळं, भोवती पाकळ्यांसारखे सात वाफे, आठवड्याच्या प्रत्येक वाराची भाजी वेगळी. या रचनेमागचा विचार कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून आला. दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात बजवाड्याला 'गंगा माँ मंडल' म्हणून तो फुलवला. दाभोळकरांचा आग्रह आकारापेक्षा मोजमापाचा होता: पानावर किती ऊन पडतं, मुळाला किती पाणी लागतं, घराला किती अन्न लागतं. गावात उतरताना नकाशा टिकला आणि मोजणी गळून पडली, ही माझी तक्रार. वर्तुळ सुबक आखून फोटो काढला की मोहीम झाली असं कसं म्हणायचं?

शाळेच्या बागेचं दुखणं आणखी वेगळं. शालेय पोषण आहाराला जोडून पोषण वाटिका करण्याच्या केंद्राच्या सूचना २०१९ पासून आहेत. पण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात. म्हणजे लावणीची खरी वेळ येते तेव्हा शाळेला कुलूप. अशा शाळेने गुढीपाडव्याच्या आतच बाग उरकावी, कुंपणाला शेवगा आणि हेटी लावून ठेवावी, आणि जूनची पेरणी जवळच्या गटाकडे किंवा अंगणवाडीताईंकडे सोपवावी. अर्थात त्यांना विचारून, आणि पिकातला वाटा ठरवून.

भाजी घराजवळच का, याला इथे आणखी कारणं आहेत. पूर्वी अंबाडी, बरबटी, चिवळ, तरोटा वावरातून, धुऱ्यावरून सहज घरी येत. तणनाशक आल्यावर ते कमी झालं. वाघाच्या भीतीने रानाची वाटही काही काळ बंद होती. टी-१ वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये बोराटीच्या जंगलात मारली गेली, त्याआधी दोन वर्षं या भागात माणसं वावरातही एकटी जायला धजत नव्हती. आणि २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात ठेवावं लागलं. म्हणून बागेचा एक नियम मी गटाच्या ठरावात लिहूनच घेईन: कपाशीचा पंप या वाफ्यांत आणायचा नाही आणि औषधाच्या रिकाम्या डब्याने पाणी घालायचं नाही. धुतला तरी तो डबा नको.

मेमध्ये मग काय उरतं? न्हाणीशी धोपा आणि पपई, कुंपणाला शेवगा, कढीपत्ता, मांडवावर एखादा दोडका, मडक्याभोवती ढेमसं. एवढ्याने घराचं रोजचं भागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा भाजी निघते, बाकी दिवस वाळवणं आणि डाळी आहेतच. पाणी घालायच्या पाळ्या माघातच ठरवाव्यात, विहिरीला पाणी असताना आणि डोकी थंड असताना. ज्या घराची पाळी, त्या दिवसाची तोडणी त्या घराची, असा साधा करार केला की भांडणं कमी होतात. लग्नसराईत गावाला जाणाऱ्याने पाळी बदलून घ्यायची, नुसती सोडून जायचं नाही.

शेवग्याला छाटावं कधी आणि किती, यावरून गटागटांत वाद आहेत. ते पुढच्या भागात.